संवेदक आणि नियंत्रण : कोलकात्याच्या कारखान्यांवरून एक प्रस्तावना

स्वयंचलित कारखान्यात तीन कामे अखंड चालू असतात. काय घडते आहे ते मोजायचे, ते हवे तसे आहे का हे ठरवायचे, आणि नसेल तर काहीतरी हलवायचे. मोजतो तो संवेदक म्हणजे सेन्सर, ठरवतो तो नियंत्रक, आणि हलवायची असते ती बहुधा एखादी झडप, मोटर किंवा हीटर. हलवल्याचा परिणाम पुन्हा मोजला जातो आणि चक्र पुढे चालते. कारखान्यातली माणसे या चक्राला लूप म्हणतात. मोठ्या वीजकेंद्रात किंवा पेट्रोकेमिकल प्रकल्पात असे शेकडो लूप एकाच वेळी चालू असतात.

या तीन कामांपैकी ठरवण्याच्या कामाची चर्चा सर्वांत जास्त होते, पण त्यातले बरेचसे प्रश्न कधीच सुटलेले आहेत. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गतिनियंत्रक बसवला. त्याचे गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. जहाज सरळ ठेवण्यासाठी सुकाणू कसे हलवावे याचा विचार करताना मिनोर्स्कीने १९२२ मध्ये जे सूत्र लिहिले, तेच आज पीआयडी या नावाने कारखान्याकारखान्यात चालते : आत्ताची चूक किती, आजवर साचलेली चूक किती आणि चूक कोणत्या वेगाने बदलते आहे, या तिन्हींचा हिशेब करून झडप किती उघडायची ते ठरवायचे. या तीन हिशेबांना किती किती वजन द्यावे याची झीग्लर आणि निकोल्स यांची रीत १९४२ची आहे आणि ती अजूनही शिकवली जाते.

गाडी अडते ती मोजण्यापाशी. तापमान, दाब, प्रवाह आणि पातळी या चार राशी कारखाने शतकभर मोजत आले आहेत. चहाच्या पत्तीचा वास, तागातला ओलावा, बेअरिंगच्या आवाजातला फरक, बोगद्यावरच्या जमिनीची हालचाल या गोष्टी मात्र परवापरवापर्यंत माणसाच्या नाकावर, बोटांवर, कानांवर आणि अनुभवावर सोपवलेल्या होत्या. नवे म्हणावे असे तंत्रज्ञान मुख्यतः याच भागात आले आहे. यंत्रमानवांच्या रांगा पाहायच्या तर मराठी वाचकाला चाकण जवळचे. जुन्या प्रक्रिया-उद्योगांत माणसाच्या इंद्रियांची जागा उपकरणे कशी घेतात आणि कुठे घेऊ शकत नाहीत, हे पाहायला मात्र कोलकाता अधिक सोयीचे आहे. चहाचा लिलाव, ताग, कोळशावरची वीज आणि नदीखालून जाणारी मेट्रो असे सगळे या शहराच्या आसपास एकवटलेले आहे.

मापनाची परंपराही इथे जुनी आहे. सर्वेक्षणाची उपकरणे दुरुस्त करण्यासाठी आणि तयार करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३० मध्ये कलकत्त्यात मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस उघडले. हेन्री बॅरो हा कारागीर त्यासाठी इंग्लंडहून आला. तो परतल्यावर त्याचे काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आले. जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणातले मोठे थिओडोलाइट त्यांच्या हातून दुरुस्त होऊन पुन्हा मैदानात गेले. याच कार्यालयातून पुढे जादवपूरची नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी झाली.

दुसरा धागा जगदीशचंद्र बोस यांचा. रेडिओच्या इतिहासात त्यांचा वाटा किती, या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. संवेदकांच्या इतिहासातला त्यांचा वाटा निर्विवाद आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत असताना १८९०च्या दशकात त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या, आणि त्या ओळखण्यासाठी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. लहरी ओळखणाऱ्या या उपकरणाच्या अमेरिकी पेटंटासाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ते मंजूर झाले. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणाचे हे अगदी सुरुवातीचे पेटंट आहे. लहरींचे ध्रुवण फिरवण्यासाठी बोस यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या वापरल्या होत्या. कलकत्त्यात त्याहून स्वस्त आणि हाताशी असलेला माल दुसरा नव्हता.

बोस यांची सर्वांत आखूड लहर सुमारे ५ मिलिमीटरची, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या आसपासची होती. पुढे जग लांब लहरींकडे वळले आणि हा पट्टा कित्येक दशके प्रयोगशाळांपुरता उरला. आज कारखान्यातल्या टाक्यांवर आणि कोळशाच्या बंकरवर बसवले जाणारे पातळीमापक रडार ८० गिगाहर्ट्झवर, म्हणजे ४ मिलिमीटरहून थोड्या आखूड लहरींवर चालते. लहर जितकी आखूड तितका झोत अरुंद. त्यामुळे टाकीतली शिडी, नळ, ढवळणारी पाती यांच्यावरून परतणारे खोटे प्रतिध्वनी टळतात आणि धूळ उडत असतानाही मालाची पातळी कळते. पूर्वी याच कामासाठी बंकरमध्ये वजन बांधलेली दोरी सोडत, आणि कित्येकदा ती कोळशात अडकून बसे.

तिसरा धागा बारानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्ये इथे आले. शूहार्टचा नियंत्रण-आलेख आजही प्रत्येक गुणवत्ता विभागाच्या भिंतीवर असतो. त्यामागची कल्पना स्वयंचलनातही तितकीच लागू पडते. कोणत्याही मापात थोडी स्वाभाविक चलबिचल असतेच. तिच्या मागे धावून दर वेळी झडप हलवणारा नियंत्रक स्थिती सुधारण्याऐवजी बिघडवतो. खरा बदल कोणता आणि नुसती थरथर कोणती, हे आधी वेगळे करावे लागते.

१९५५-५६ मध्ये याच संस्थेत नॉर्बर्ट वीनर पाहुणे प्राध्यापक म्हणून काही महिने राहिले. यंत्र आणि प्राणी या दोहोंतल्या नियंत्रणाचा एकत्र विचार मांडणारे त्यांचे 'सायबरनेटिक्स' १९४८ मध्ये आले होते. भारताने मँचेस्टरच्या मार्गाने, म्हणजे हजारो अकुशल कामगारांना गिरण्यांत कोंबून उद्योग उभारण्यापेक्षा थोड्या पण कुशल तंत्रज्ञांनी चालवलेल्या स्वयंचलित कारखान्यांचा विचार करावा, असे त्यांनी १९५६च्या आपल्या आत्मचरित्रात सुचवले. हे सुचवणारे वीनर यंत्रांचे भाबडे भक्त नव्हते. १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकी मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून स्वयंचलनाने येऊ घातलेल्या बेकारीचा इशारा दिला होता. हुगळीच्या दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्यांत लाखो माणसे राबत असताना त्यांची सूचना कोणी फारशी मनावर घेतली नाही, यात नवल नाही. पण थोडे कुशल हात आणि भरपूर मापन हे त्यांनी रेखाटलेले चित्र आजच्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पुष्कळसे खरे झालेले दिसते.

आता चहाकडे. नव्या संवेदकांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा एकाच उदाहरणात पाहायची तर याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. कोलकात्यात चहाचा पहिला लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी झाला. तेव्हापासून आजतागायत चहाची किंमत ठरते ती टी टेस्टरच्या जिभेवर आणि नाकावर. टेस्टर ओळीने मांडलेल्या कपांतला एक एक घोट जोराने ओढून तोंडात घोळवतो, थुंकतो आणि पुढे सरकतो. वास, चव, रंग, ओल्या पत्तीची झळाळी यांवर तो गुण देतो.

चहा चांगला होतो की बिघडतो हे मात्र लिलावाच्या कितीतरी आधी, दुआर्स, तराई किंवा आसामातल्या मळ्यावरच्या कारखान्यात ठरते. तोडलेली पत्ती आधी कोमेजवतात. मग सीटीसी यंत्राच्या दातेरी रुळांमधून ती चिरडून, फाटून, वळून निघते. या वेळी पत्तीच्या पेशी फुटतात, आतले पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर आणि कॅटेचिन एकत्र येतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने थीअफ्लेविन व थीअरुबिजिन तयार होऊ लागतात. पहिल्याने चहाला चमक आणि तरतरी येते, दुसऱ्याने रंग आणि दाटपणा. हिरवी पत्ती बघता बघता तांबूस होते. चहावाले याला फर्मेंटेशन म्हणतात. ही क्रिया योग्य क्षणी ड्रायरच्या गरम हवेने थांबवावी लागते. लवकर थांबवली तर चहा कच्चा आणि तुरट, उशिरा थांबवली तर सपक. हा क्षण घड्याळावर ठरवता येत नाही. त्या दिवशीची पत्ती, हवेतला ओलावा, तापमान या सगळ्यांनुसार तो मागेपुढे होतो. जाणता कारागीर पत्तीची मूठ नाकाशी धरतो. सुरुवातीचा हिरवा, गवती वास जाऊन एक सुगंध वर येतो, ओसरतो आणि पुन्हा एकदा वर येतो. चहावाल्यांच्या बोलीत हे पहिले नाक आणि दुसरे नाक. थांबायचे कधी हे त्यावरून ठरते.

सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेच्या कोलकाता केंद्राने जादवपूर विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर या कामासाठी इलेक्ट्रॉनिक नाक तयार केले. त्याविषयीचे महत्त्वाचे शोधनिबंध २००७-०८च्या सुमारास प्रसिद्ध झाले. उपकरणाच्या गाभ्याशी टिन ऑक्साइडचे अनेक संवेदक असतात. नाओयोशी तागुची या जपानी संशोधकाने १९६२ मध्ये घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी पेटंट घेतलेल्या संवेदकाचेच हे वंशज. टिन ऑक्साइडचा थर काहीशे अंशांपर्यंत तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि तिथले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. त्यामुळे विजेचा रोध वाढतो. सुगंधी बाष्पाचे रेणू तिथे पोहोचले की ते या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात, पकडलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. किती उतरला, ते मोजायचे.

अडचण अशी की असा एकटा संवेदक जवळजवळ सगळ्याच बाष्पांना थोडाफार प्रतिसाद देतो. चहाच्या सुगंधात शेकडो संयुगे असतात. म्हणून निरनिराळ्या गॅसना कमीअधिक संवेदी असलेले अनेक संवेदक एकत्र ठेवतात आणि त्यांच्या आकड्यांतून उमटणारा आकृतिबंध संगणक ओळखतो. १९८२ मध्ये वॉरिक विद्यापीठात पर्सॉड आणि डॉड यांनी ही युक्ती प्रथम दाखवली. चहाच्या उपकरणात पत्तीवरची हवा पंपाने ओढून संवेदकांवर सोडतात, आकडे नोंदतात, मग स्वच्छ हवेने संवेदक धुऊन काढतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. ओढणे, नोंदणे, धुणे हे चक्र फर्मेंटेशन संपेपर्यंत चालते. आलेखावर दुसरे शिखर दिसू लागले की पत्ती ड्रायरकडे पाठवण्याची वेळ झाली.

या उपकरणाला शिकवले कोणी? तयार चहाची प्रतवारी करणाऱ्या प्रयोगांत न्यूरल नेटवर्कला उदाहरणे म्हणून टेस्टरचेच गुण दिले गेले. म्हणजे यंत्राचे नाक कितीही वस्तुनिष्ठ म्हटले तरी त्याची मोजपट्टी एका माणसाच्या नाकावरून आखलेली आहे. टेस्टरची आवड बदलली, बाजाराची मागणी बदलली, की नाकाला पुन्हा शाळेत बसवावे लागते. हा दोष मानण्याचे कारण नाही, पण विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तो सहसा लिहिलेला नसतो. दुसरी अडचण भौतिक आहे. फर्मेंटेशनच्या खोलीत आर्द्रता मुद्दाम ९० टक्क्यांच्या वर ठेवतात, आणि पाण्याची वाफ टिन ऑक्साइडच्या रोधावर परिणाम करतेच. शिवाय महिने जातील तसा संवेदक म्हातारा होतो. तोच वास, पण आकडा वेगळा. याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि वासाच्या संवेदकांचा कारखान्यात प्रसार सावकाश होण्याचे ते एक मोठे कारण आहे. कॅमेऱ्याने पत्तीचा रंग मोजणे त्या मानाने सोपे, म्हणून नाकाच्या जोडीला डोळा देण्याचे प्रयोगही झाले.

तागाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १८५५ मध्ये रिशरा इथे पहिली ताग गिरणी उभी राहिल्यापासून कच्चा ताग वजनावर विकला जातो. ओलावा जास्त म्हणजे पाण्याचे पैसे. अनुभवी खरेदीदार जुडी हातात दाबून ओलावा सांगत. आता टोकदार सुया खुपसून विजेचा रोध मोजणारी मीटर मिळतात. ती तापमानाला आणि तागाच्या प्रतीला संवेदी असल्याने भांडण पुरते मिटत नाही, पण निदान दोन्ही पक्षांपुढे आकडा एकच असतो.

जादवपूरच्याच केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत, म्हणजे १९५० मध्ये सुरू झालेल्या सीजीसीआरआयमध्ये, प्रकाशतंतूंवर आणि गॅस संवेदकांवर दीर्घकाळ काम चालले आहे. फायबर ब्रॅग ग्रेटिंग हा संवेदक म्हणजे केसासारख्या काचतंतूच्या गाभ्यात लेसरने कोरलेले, काही मिलिमीटर लांबीचे सूक्ष्म पट्टे. तंतूत प्रकाश सोडला की हे पट्टे एकच तरंगलांबी परत पाठवतात. तंतू ताणला किंवा तापला की ती तरंगलांबी किंचित सरकते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर, इतकी किंचित. ताण आणि तापमान दोन्हींनी एकच परिणाम होत असल्याने शेजारी ताण न पडणारे दुसरे ग्रेटिंग ठेवून तापमान वजा करावे लागते. या संवेदकाचा खरा फायदा असा की मोजण्याच्या जागी वीज लागतच नाही. ठिणगीचा प्रश्न नाही आणि उच्च दाबाच्या तारांजवळही आकड्यात गोंधळ नाही.

ठिणगीचे महत्त्व राणीगंज-झरियाच्या कोळसा खाणींत सर्वांत जास्त. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले की मिश्रण स्फोटक होते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे प्रमाण १.२५ टक्क्यांवर गेले की त्या भागातला वीजपुरवठा तोडावा लागतो. म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या पाव अंतरावरच थांबायचे. असे अंतर ठेवावे लागते, कारण संवेदक एका जागी असतो आणि गॅस दुसऱ्या जागी साचू शकतो.

मोजलेले माप नियंत्रकापर्यंत पोहोचवणे हा पुढचा टप्पा. पूर्वी हे काम हवेच्या नळ्यांनी होई, ३ ते १५ पीएसआय दाबाने. मग आला ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युतसंकेत, आणि इतक्या नव्या पद्धती येऊनही तो हटलेला नाही. त्याची खुबी खालच्या टोकाला आहे. शून्य मापासाठी ४ मिलिअँपिअर असल्याने, वायर तुटली की विद्युतप्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड लगेच ओळखू येतो. पूर्वीच्या दाबाच्या संकेतातला ३चा आकडाही याच शहाणपणाचा. याच दोन तारांवरून डिजिटल माहिती पाठवणारी हार्ट पद्धत १९८०च्या दशकातली, आणि तिचा बिनतारी अवतार २००७चा. २०२१ मध्ये इथरनेट-एपीएल आले. दोनच तारांवरून वीज, ठिणगीपासून सुरक्षितता आणि सेकंदाला एक कोटी बिट, तेही किलोमीटरभर अंतरावर. संवेदक आता मापाबरोबर स्वतःची प्रकृतीही कळवतो : आतले तापमान किती, शेवटचे कॅलिब्रेशन केव्हा, पडद्यावर किती मळ बसला. बहुतेक कारखान्यांत ही माहिती येते आणि कोणी पाहत नाही, हे नोंदवायला हवे.

ठरवणारी यंत्रे दोन घराण्यांची. एक पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. मोटारींच्या कारखान्यातल्या रिलेंच्या जंजाळाला पर्याय म्हणून १९६९ मध्ये मॉडिकॉनने तो आणला. दुसरे डीसीएस, म्हणजे डिस्ट्रिब्यूटेड कंट्रोल सिस्टिम, सलग चालणाऱ्या प्रक्रियांसाठी, हनीवेल आणि योकोगावा या दोघांनीही १९७५ मध्ये बाजारात आणलेले. आता त्यांच्यातली सीमा पुसट झाली आहे.

नियंत्रणाचे काम जवळून पाहायचे तर बजबज इथल्या, सीईएससी या शहराच्या वीजकंपनीच्या ७५० मेगावॅट केंद्रासारख्या कोणत्याही औष्णिक केंद्रातला बॉयलर ड्रम घ्यावा. ड्रममध्ये पाणी कमी झाले तर नळ्या जळतात, जास्त झाले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात. पातळी मोजा आणि पाण्याची झडप त्याप्रमाणे हलवा, इतके सोपे वाटते. पण संध्याकाळी शहरातले दिवे लागले, विजेची मागणी एकदम वाढली, की टर्बाइन जास्त वाफ ओढते आणि ड्रममधला दाब उतरतो. दाब उतरताच पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असते. नुसत्या पातळीवर विसंबणारा नियंत्रक अशा वेळी झडप बंद करतो, म्हणजे नेमके उलटे. म्हणून तीन मापे घेतात : पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणी. वाफ वाढली की पातळी काय म्हणते याची वाट न पाहता तितकेच पाणी आत सोडायचे, आणि पातळीच्या मापाने फक्त राहिलेली चूक हळूहळू दुरुस्त करायची. संकटाच्या वेळी बॉयलर ट्रिप करण्यासाठी पातळीचे तीन स्वतंत्र संवेदक असतात आणि तिघांपैकी दोघांचे मत मानले जाते. एक बिघडला म्हणून अर्धे शहर अंधारात जाऊ नये, आणि एक अडकून बसला म्हणून बॉयलर फुटू नये.

कोलकात्याच्या मेट्रोत हाच विचार वेगळ्या रूपात दिसतो. देशातली पहिली मेट्रो इथे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. हुगळीखालून जाणारा हावडा मैदान–एस्प्लनेड हा टप्पा १५ मार्च २०२४ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. नदीखालचे सुमारे ५२० मीटर अंतर गाडी पाऊण मिनिटात कापते. या पूर्व-पश्चिम मार्गावर सीबीटीसी पद्धत आहे. गाडी आपली जागा स्वतः मोजते आणि रेडिओने कळवत राहते. मागच्या गाडीला किती पुढे यायची मुभा आहे, याचा हिशेब त्यावरून सतत नव्याने होतो. चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढले तर चाक घसरले की चूक साचते. म्हणून रुळांमध्ये ठरावीक जागी ट्रान्सपाँडर बसवतात आणि त्यांच्यावरून जाताना गाडी आपला हिशेब दुरुस्त करून घेते. फलाटावरच्या काचेच्या दारांचे संवेदक 'सर्व दारे बंद आणि कुलूपबंद' असे सांगेपर्यंत गाडी हलत नाही.

याच मार्गाच्या कामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोगदा खोदणारे यंत्र बहूबाजारखाली पाण्याच्या साठ्याला लागले. वरच्या जुन्या घरांची जमीन खचली, काही घरे पडली आणि शेकडो रहिवाशांना रात्रीतून बाहेर पडावे लागले. मे २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा भेगा पडल्या. अशा कामांत इमारतींवर कलमापक, जमिनीत पाण्याचा दाब मोजणारी पिझोमीटर, खचण मोजणाऱ्या खुणा असा जामानिमा असतो. पण मापन उपयोगी पडते ते हातात काही करण्याजोगे असेल आणि त्याला वेळ असेल तेव्हाच. वाळूतून पाणी वाहू लागले की त्याला बंद करणारी झडप नसते. स्वयंचलनाच्या पुस्तकांत लूप नेहमी पूर्ण काढलेला असतो. बहूबाजारात तो हलवण्याच्या जागी तुटलेला होता.

मोजण्याच्या बाजूने लूप मुद्दाम तोडता येतो, हे २०१०च्या स्टक्सनेट प्रकरणाने दाखवले. इराणमधल्या नतान्झच्या सेंट्रिफ्यूज बिघडवताना त्या घातक प्रणालीने आधी नोंदवून ठेवलेले नेहमीचे आकडे कंट्रोल रूमला दाखवत ठेवले. यंत्रे बिघडत होती आणि पडद्यावर सारे आलबेल होते. संवेदक जाळ्यांना जोडले जात असताना कारखान्याचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

रोजगाराचा प्रश्न कोलकात्यावर लिहिताना टाळता येणार नाही. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या इथल्या कार्यालयात संगणक बसवण्याला कर्मचाऱ्यांनी केलेला विरोध देशभर गाजला. पुढे केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि अहवाल १९७२ मध्ये आला. त्या विरोधाला आडमुठेपणा म्हणणे सोपे आहे, पण पर्यायी नोकऱ्या नसलेल्या शहरात तो समजण्याजोगा होता. संवेदकांच्या बाबतीत आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. पत्तीचा वास ओळखणारा कारागीर निवृत्त होतो आणि त्याच्या जागी शिकायला कोणी येत नाही. अशा वेळी त्याचे ज्ञान उपकरणात उतरवून घेण्याची घाई मालकाइतकीच त्या धंद्यालाही असते. मात्र उपकरण बसवले म्हणून जाणत्या माणसाला लगेच घरी पाठवणारा कारखाना आपले प्रमाणच गमावतो.

शेवटचा विषय कॅलिब्रेशन, म्हणजे संवेदकाचा आकडा प्रमाण मापाशी पडताळणे. कोलकात्यात अलीपूरचे नॅशनल टेस्ट हाउस १९१२ पासून चाचणीचे काम करते आहे, आणि सॉल्ट लेकमध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी सरकारी प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आहे. ०° सेल्सिअसला १०० ओहम रोध दाखवणारा प्लॅटिनमचा तापमान-संवेदक तपासायला वितळत्या बर्फाचे भांडेही चालते. वासाच्या संवेदकासाठी असे भांडे अजून कोणी तयार केलेले नाही.

म्हणून संवेदक निवडणाऱ्याला एकच सांगणे आहे. माहितीपत्रक हाती आले की ठळक छापलेली अचूकता नंतर वाचावी. वर्षाला ड्रिफ्ट किती, कॅलिब्रेशन किती महिन्यांनी, ते कोणत्या प्रमाणाशी आणि आपल्या गावापासून किती अंतरावर होते, हे आधी विचारावे. ही उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.